पारण्याच्या दिवशी अण्णा गुदमरतात

१

पारण्याच्या ताटातलं उरलेलं वरण कुशलने स्टीलच्या डब्यात भरलं, डब्याला चारी बाजूंनी टेप गुंडाळली, टेपवर स्वतःची सही ठोकली आणि डबा फ्रिजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी ठेवून दिला. काशीच्या ब्रह्मा घाटावरच्या मराठी घरांनी बरंच काही पाहिलंय, पण वरणावर सही केलेली कुणी पाहिली नव्हती. सकाळी सीतेने दूध काढायला फ्रिज उघडला आणि तो डबा तिच्या नजरेस पडला. मग तिने वैदेहीला फोन लावला.

वैदेही रेल्वेत, अपघातांच्या चौकशीच्या खात्यात. मूळची मिरजेची, बदलीने काशीला आलेली. सीतेशी तिची मैत्री गणेशोत्सवातल्या नाटकाच्या तालमीत जमली. या बाईला एका जागी बसणं म्हणून माहीत नाही. चहा उभ्याने पिते, बोलता बोलता समोरच्याचं पेन उघडझाक करत राहते, आणि डॉक्टरकडे नंबर लावून बसायची वेळ आली की बरी होऊन परत येते. फोन आला तेव्हा ती रजेवर होती आणि रजेला विटली होती. जानेवारीच्या धुक्यातून गल्ल्या तुडवत, सांडांना वळसे घालत ती ढुंढिराजशास्त्र्यांच्या घरी पोचली.

घर म्हणायला जुन्या वस्तीतलं, पण अलीकडेच पाडून नवं बांधलेलं. खाली यात्रेकरूंसाठी खोल्या, मधे बिऱ्हाड, वर गंगेच्या बाजूला शास्त्रीबुवांची पोथीची खोली. जिन्याखाली फरशीला ओल येते म्हणून चपट्या खोक्यांची चळत रचून तिच्यावर चपला ठेवायची सोय केली होती. वैदेहीने आपले बूट त्यांच्यावर भिरकावले आणि दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर गेली.

सीता स्वयंपाकघरात होती. थोरल्या मुलाची विधवा, शाळेत गणित शिकवते, आणि दुःख झालं की ओटा पुसत सुटते. आताही पुसत होती.

"आता नीट सांग," वैदेही म्हणाली. "आणि ते फडकं ठेव आधी."

सांगण्यासारखं थोडंच होतं. शास्त्रीबुवा, म्हणजे घरादाराचे अण्णा, एकादशीचा उपास करत. द्वादशीला सकाळी जेवून वर पोथीच्या खोलीत जाऊन बसत. आणि दिवाळीपासून, रामनगरला गेले होते ती खेप सोडली तर, दर द्वादशीला दुपार कलायच्या आत त्यांचा श्वास अडकू लागला होता. अंगात कणकण, छातीत शिट्ट्या, ओठ काळेनिळे. हॉस्पिटलात नेलं की माणूस दोन दिवसांत पुन्हा खणखणीत. घरी आणलं की पुढच्या द्वादशीला तेच. या खेपेला तर अगदी जिवावर बेतलं होतं. डॉक्टर म्हणाले, काहीतरी आत जातंय, पोटातून किंवा श्वासातून, शोधून काढा. अण्णांच्या धाकट्या मुलाने, कुशलने, यातला एकच शब्द उचलला, पोटातून. पारण्याचा स्वयंपाक सीता करत होती.

"अण्णा आज दुपारी घरी येणार," सीता म्हणाली. "त्याआधी मी घर सोडायचं, नाहीतर भावजी डबा घेऊन चौकीवर जाणार. मी जाईन गं. बॅगसुद्धा भरलीय. पण या गल्लीत उद्यापासून मी कोण? सासऱ्याला विष घालणारी. शाळेत पोरांसमोर कशी उभी राहू?"

वैदेहीने तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं. पण चौकशीच्या खात्यात इतकी वर्षं घालवलेल्या माणसाला दुसरीही एक गोष्ट दिसते. सीतेने विष घातलेलं नसेल, तर खरं कारण याच घरात जागच्या जागी होतं. सीता बाहेर जाईल, अण्णा आत येतील, आणि पुढची द्वादशी त्यांना बघायला मिळणार नाही.

२

कुशल खालच्या मजल्यावर पाहुण्यांच्या चादरी मोजत होता. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली.

"सीधी बात आहे, वैदेहीताई," तो चादर झटकत म्हणाला. "हॉस्पिटलात अण्णा एकदम फर्स्ट क्लास. घरी आले की बेहाल. फरक काय? खाना. बस."

"रामनगरला काय झालं होतं?"

चादर हातातच राहिली. मार्गशीर्षात अण्णा पारायणासाठी रामनगरला एका यजमानांकडे राहिले होते. एकादशी तिथेच झाली, द्वादशीही तिथेच. शाळेला सुट्टी म्हणून सीता सोबत गेली होती आणि पारणं तिनेच रांधलं होतं. त्या दिवशी अण्णा नावेतून उतरून घाटाच्या सगळ्या पायऱ्या कुणाचा हात न धरता चढले होते.

"तिथे दहा लोक आजूबाजूला," कुशल म्हणाला. "तिथे हिंमत कशी होणार?"

म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. वैदेहीने खिशातलं नाणं बोटांवरून फिरवायला सुरुवात केली. विचार अडला की ती तसं करते आणि आजूबाजूच्यांना वेड लावते.

"दिवाळीत घरात काय बदललं?"

"कुछ नाही. उलट मी सगळं टाइट केलंय. माकडं खिडकीतून घुसायची, एकदा पोथीचं पान घेऊन पळाली. अण्णा तीन दिवस जेवले नाहीत त्या पानापायी. म्हणून खिडक्या कायमच्या बंद केल्या, फटीसुद्धा भरल्या. आणि एसी आहेच. छतात लपवलेलं मशीन, गरमीत ठंडा देतं, थंडीत गरम. खोलीतली हवा भिंतीतल्या जाळीतून ओढून घेतं, साफ करून परत सोडतं. घाटावरची धूळ म्हणा, मणिकर्णिकेचा धूर म्हणा, काही उरत नाही."

"त्या जाळीमागे फिल्टर असेल."

"आहे ना. घड्या घातलेला कागद. तो तीन महिन्यांनी बदलायचा असतो, वहिनी स्वतः मागवतात. मी काय इतका गधा आहे? ते सगळ्यात पहिले विचारलं मी. वहिनी म्हणाल्या, मागवला. वरच्या खोलीचं आत्या बघतात, त्या म्हणाल्या, सगळं वेळच्या वेळी होतं."

वैदेहीने मनातल्या मनात फिल्टरवर काट मारली. मग तिने सहज विचारावं तसं विचारलं, "अण्णा वर नसले, तर ती खोली कुणाची?"

कुशल लालबुंद झाला. "गंगा समोर दिसते, ताई. पाहुणे रोज विचारतात. पण त्यासाठी मी बापाला..." त्याला पुढे बोलवेना. तो खाटेवर बसला आणि चादरीत तोंड खुपसून रडायला लागला. "दादा असाच गेला. अचानक. आता अण्णा. मी काय करू, सांगा ना. कुणाला तरी पकडायलाच पाहिजे ना मी?"

रडणं खरं होतं, असं वैदेहीला वाटलं. पण रडणारा माणूस निर्दोष असतो असं तिच्या खात्यात कुणी मानत नाही. ती उठली, तेवढ्यात वर कुणीतरी खोकलं. खोल, छातीतून आलेला खोकला, आणि मधेच दाबून टाकलेला. सीतेला खोकला नव्हता. अण्णा तर हॉस्पिटलात होते.

३

गच्चीच्या दाराशी मुकुल उभा होता आणि तोंडात लवंग टाकत होता. अण्णांचा शिष्य. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, दशाश्वमेधाकडच्या एका मराठी घरातला, अण्णांकडे वेदाची संहिता पक्की करायला रोज सकाळी यायचा. पोथीच्या खोलीत रोज पाय ठेवायची मुभा असलेली माणसं तीन: अण्णा, त्यांची धाकटी बहीण गीताआत्या, आणि हा.

"खोकत होतास," वैदेही म्हणाली.

"नाही हो. लवंग अटकली."

"मुकुल, सीता आज घराबाहेर निघतेय. तुला जे माहीत आहे ते तू लपवलंस आणि ती गेली, तर तुझी संहिता तुला लखलाभ."

बोलणं वर्मी लागलं. मुकुलने इकडेतिकडे पाहिलं. आत्याच्या कानावर न घालण्याच्या शपथेवर मग त्याने सांगून टाकलं. दिवाळीपासून त्यालाही खोकला होता. अण्णांसारखा भयंकर नाही, पण संध्याकाळी अंग मोडून यायचं आणि श्वास पुरायचा नाही. आत्याला कळलं असतं तर तिने खोलीचा उंबरठा बंद केला असता, शिक्षण बुडालं असतं. म्हणून लवंगा.

"अण्णांबरोबर जेवतोस का तू? पारण्याला?"

"छे छे. मी तर स्वयंपाकी आहे."

वैदेही गोंधळली.

"म्हणजे स्वतः रांधून खातो," मुकुल म्हणाला. "अध्ययन पुरं होईतो दुसऱ्याच्या हातचं नाही. या घरचं पाणीसुद्धा घेत नाही मी, घरून लोटी आणतो. वहिनींना वाईट वाटतं, पण नियम म्हणजे नियम."

नाणं वैदेहीच्या बोटांवर थांबलं. या घरातला घासही न खाणारा माणूस, आणि दुखणं तेच. कुशलचा तो सही केलेला डबा एका वाक्यात निकालात निघाला होता. ती जवळजवळ हसली.

"कधी बरं वाटतं का तुला?"

"वाटतं ना. प्रतिपदा, अष्टमी. अनध्याय असतो, त्या दिवशी वेद म्हणत नाहीत. मी येतच नाही इकडे. रात्री एकदम मस्त झोप लागते."

"आणि सगळ्यात वाईट कधी?"

मुकुल बोटांवर तिथी मोजू लागला. त्याने कधी हा विचारच केला नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "द्वादशीला," तो हळूच म्हणाला. "पण मी तर त्या दिवशी... मी तर काहीच खात नाही इथे."

"मला ती खोली बघायचीय," वैदेही म्हणाली.

मुकुलने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आत्या तुम्हाला आत सोडणार?"

४

गीताआत्या पंचाहत्तरीची, हडकुळी, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. लग्नानंतर वर्षभरात विधवा होऊन ती भावाकडे आली आणि तेव्हापासून अण्णांचं सोवळं तिने आपल्या जिवापेक्षा जपलं. त्या खोलीत सीतेने आजवर पाऊल ठेवलं नव्हतं. नोकरी करणारी बाई, दहा जणांना शिवून येते, खांद्याला चामड्याच्या पट्ट्याची पर्स. आंघोळ करून आली की स्वयंपाकघरात चालेल, पण पोथीपाशी नाही. बाहेरून आलेली कुठलीही वस्तू पाण्यातून काढल्याशिवाय त्या उंबरठ्याआड जात नसे, मग ती पेरूची फोड असो की नवं निरांजन.

"बघ ना खुशाल," आत्या म्हणाली. "डोक्यावरून आंघोळ कर, माझं सोवळ्याचं पातळ नेस, आणि बघ. मी कुणाला नाही म्हटलंय?"

एसीचा मेकॅनिक आंघोळ करायला तयार झाला नव्हता, म्हणून त्याला दारातूनच परत पाठवलं होतं, हेही तिने अभिमानाने सांगितलं. यंत्र बसवलं त्या दिवसानंतर आत परका माणूस आला नव्हता.

काशीतला जानेवारी, घरी सकाळीच झालेली एक आंघोळ, आणि आता दुसरी. सोवळ्याला म्हणून आत्याने गरम पाणीही दिलं नाही. वैदेहीने दात वाजवत, मनात आत्याच्या सात पिढ्यांना हाका मारत बादली डोक्यावर उपडी केली आणि कुडकुडत, नऊवारीत अडखळत ती वर गेली.

खोली लख्ख होती. लाल कापडात बांधलेल्या पोथ्या, अण्णांचं आसन, शेजारी पलंग. खिडक्यांबाहेर धुक्यात गंगा असावी, पण काचेला आतून दव धरलं होतं. गरम हवा छतातून मंद येत होती. आत्या दारात उभी राहून भावाच्या पलंगावरची चादर नजरेनेच सारखी करत होती.

"आज पहाटे उठून सगळी खोली केली मी," ती म्हणाली. "एकादशी नाही, तरी केली. अण्णा येणार ना. कोपरा न कोपरा शुद्ध करून ठेवलाय. आमचे अण्णा म्हणजे... त्यांना काही झालं तर मी कुणाचं करू गं?" तिचा आवाज चिरकला. "त्या पोरीवर मी कधी संशय घेतला नसता. पण कुशल म्हणतो ते खोटं कसं म्हणू? माझ्या डोळ्यांसमोर श्वास कोंडतो त्यांचा."

वैदेही ऐकत होती आणि नाकाने काम करत होती. धूप, कापूर, आणि त्यांच्याखाली आणखी एक वास. पावसाळ्यात माळ्यावर विसरलेल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याला येतो तसा. ती वासाच्या मागे भिंतीपर्यंत गेली. डोक्याच्या वर, हात पुरेल न पुरेल इतक्या उंचीवर, यंत्राची हवा ओढायची जाळी होती. जाळीखाली भिंतीवर चहा ओघळल्यासारखे पिवळट ओघळ, आणि खाली फरशीवर पाण्याचे थेंब. शेजारी लाकडी स्टूल. तेही ओलं.

"आत्या, फरशी कधी पुसली?"

"पहाटे, सांगितलं ना."

पहाटे पुसलेली फरशी या गरम खोलीत केव्हाच वाळली असणार. हे थेंब ताजे होते. वैदेहीच्या घशात काहीतरी खवखवलं. ती खोकली, आणि आत्याने संशयाने पाहिलं तशी ती बाहेर आली.

कपडे बदलून ती खाली आली तेव्हा डोकं भणभणत होतं. नवा फिल्टर, मग वास कुठून? तीन महिन्यांनी बदललेला कागद असा ओघळत नाही. तिने घाईघाईने बूट ओढला आणि त्याबरोबर वरचं चपटं खोकं घसरून फरशीवर आपटलं.

आवाज भरीव आला. वैदेहीने वाकून खोकं हातात घेतलं. ते रिकामं नव्हतं. कारखान्याची पट्टी जशीच्या तशी चिकटलेली होती.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाकडून हाका ऐकू आल्या. अण्णांना खुर्चीत बसवून उचलून आणत होते.

५

"दारातच थांबवा!" वैदेही ओरडली. "अण्णांना वर नेऊ नका!"

खुर्ची ओसरीवर टेकली. अण्णा शालीत गुंडाळलेले, अशक्त, पण डोळे तरतरीत. श्वास मोकळा. कुशल डबा बगलेत मारून जिन्यात उभा होता, मुकुल त्याच्या मागे, आत्या कठड्याला धरून वरून एकेक पायरी उतरत होती. आणि सीता अंगात कोट, पायात मोजे, खांद्याला पर्स, हातात बॅग अशी दाराकडे निघालेली. तिने अण्णांना वाकून नमस्कार केला. 

"सीता कुठेही जाणार नाही," वैदेही म्हणाली. "कुशल, तो डबा खाली ठेव. या घरात दोन माणसं आजारी आहेत."

"दोन?"

मुकुलने मान खाली घातली. वैदेहीने त्याच्या खोकल्याचं सांगितलं. मुकुल या घरचा घास खात नाही हे आत्याला जितकं माहीत होतं तितकं दुसऱ्या कुणाला नव्हतं, त्यामुळे तिचाच चेहरा आधी बदलला.

"म्हणजे अन्न नाही," वैदेही भराभर बोलत होती. "रामनगरला सीतेच्याच हातचं पारणं होतं, अण्णा ठणठणीत. हॉस्पिटलात ठणठणीत. मुकुल अनध्यायाला येत नाही, तेव्हा बरा असतो. दोघांना बाधतं ते पोथीच्या खोलीत. आणि खोलीत दोघं घेतात ती एकच गोष्ट. हवा."

"पण फिल्टर तर नवा आहे," सीता म्हणाली. "मी स्वतः मागवते, आत्यांच्या हातात देते."

"हा का?" वैदेहीने खोकं पुढे केलं. त्याच्यावर बुटाचा ठसा होता. "जिन्याखाली असे तीन आहेत. सगळे बंद."

सीता बघतच राहिली. "मला वाटलं ती रिकामी खोकी आहेत. जुना कागद काढल्यावर उरलेली."

"तो कागद धूळ धरून ठेवायलाच केलेला असतो," वैदेही म्हणाली. "भरला की फेकायचा आणि दुसरा घालायचा. तो नाही बदलला, तर खोलीतली सगळी घाण यंत्र पुन्हा पुन्हा माणसाच्या तोंडावर सोडतं. त्यात खिडक्या बंद. आणि तो धुतला, तर धुळीचा चिखल होतो. ओला आत बसवला, वरून गरम हवा, की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्यावरची बुरशी फोफावते. ऊन असेपर्यंत निभावलं. दिवाळीनंतर धुकं पडलं, तो वाळेना. आणि एकादशीला तो..."

इथे ती थांबली. उत्तर ओठांवर होतं आणि ते बोलवत नव्हतं. रूळ कुणी उखडला हे सांगताना तिची जीभ आजवर कधी अडखळली नव्हती, पण तिथे कुणी रूळ भक्तीने उखडलेला नसतो. पहाटे उठून कोपरा न कोपरा शुद्ध केलाय, हे ती घटकेपूर्वीच ऐकून आली होती.

"सांग ना," आत्या म्हणाली. "थांबलीस का?"

"आत्या..."

"एकादशीला तो मी धुते." आत्याचा आवाज अगदी साधा होता. "सीता बाकीच्या खोल्यांतल्या एसीच्या जाळ्या नळाखाली धरून धुते, ते बघितलं होतं मी. म्हटलं, ही पण जाळीच. बाजारातून आलेली नवी वस्तू, कुणी कुणी हाताळलेली, कसला डिंक लावलेला, ती अण्णांच्या डोक्यावर कशी बसवू? म्हणून आहे तीच गंगाजलाने धुवायची. स्टुलावर चढून काढते, धुते, परत बसवते. आज पहाटे पण धुतली." ती जिन्याच्या पायरीवर बसली. "दर एकादशीला मीच. माझ्या हाताने. आणि नाव घेतलं या पोरीचं."

 कुशलने हातातल्या डब्याकडे पाहिलं, टेपवरच्या आपल्या सहीकडे पाहिलं आणि डबा पाठीमागे लपवला. "वहिनी," तो म्हणाला, "मी... खिडक्या तर मीच बंद केल्या ना." पुढे त्याला रडूच आलं. सीतेने त्याच्याकडे बघितलं नाही. राग तिला आला होता आणि तो यायलाच हवा होता.

अण्णांनी शालीतून हात बाहेर काढला. "गीते," ते म्हणाले, "मी तुला कधी सांगितलं नाही, हा दोष माझा. मला त्या खोलीत कोंडल्यासारखं होतं, हे मला कळत होतं. पण तू इतकं करतेस, मग तुला कसं म्हणू?"

आत्याने पदराने तोंड पुसलं. मग ती उठली, वैदेहीच्या हातातलं खोकं तिने काढून घेतलं आणि छातीशी धरलं. सोवळ्याच्या पातळावर बुटाचा मातकट ठसा उमटला. मुकुलचा श्वास जागच्या जागी अडकला, आणि या वेळी त्याचं कारण हवेत नव्हतं.

"अण्णा आज खाली, पाहुण्यांच्या खोलीत झोपतील," आत्या म्हणाली. "कुशल, वरच्या खिडक्या उघड. फोडाव्या लागल्या तर फोड, माकडांना मी काठी घेऊन बसते. आणि त्या मेकॅनिकला बोलाव, सगळं यंत्र आतून धुऊन घे."

"त्याची आंघोळ?" मुकुलने चाचरत विचारलं.

"आंघोळ कसली, जेवायला घालीन त्याला," आत्या खेकसली.

ती वर गेली. अण्णा खाली राहिले, बाकीचे सगळे मागोमाग. खोलीच्या उंबरठ्यापाशी सवयीने सगळ्यांचे पाय थांबले, आणि आत्या एकटीच आत जाऊन स्टुलापाशी उभी राहिली. इतके महिने दुखऱ्या गुडघ्यांनी ती त्यावर चढली होती. आता तिने पाय उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. भिंतीला हात टेकून ती तशीच उभी राहिली. वर जाळीतून एक थेंब सुटला आणि तिच्या मनगटावर पडला.

तिने वळून दाराकडे पाहिलं. सीता सगळ्यांच्या मागे होती, अजून निघायच्याच कपड्यांत. कोट, मोजे, खांद्यावर चामड्याच्या पट्ट्याची पर्स.

"सीते, माझ्याच्यानं हे निघत नाही गं," आत्या म्हणाली. "ये. काढ ते."

सीता उंबरठ्यापर्यंत आली आणि खाली आपल्या पायांकडे बघू लागली. मग पर्स काढण्यासाठी तिने खांद्याकडे हात नेला.

"राहू दे," आत्या म्हणाली. "आहेस तशीच ये."